सूचना क्रमांक एक्केचाळीस

पंचायत समिती, जत. सभागृह.
पंख्याखाली मी, टेबलाच्या या बाजूला,
पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा.
नाव, गाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी,
आणि तळाशी : योजनांबाबत आपल्या सूचना (थोडक्यात).
थोडक्यात म्हणजे दोन ओळी.
त्यातली एक शिक्क्याखाली जाते.

शिपाई माईकवरून पुकारतो,
"पासष्ट टक्के, पुढं या.
ऐंशी टक्के, तुम्ही बसूनच राहा,
साहेब येतील तुमच्याकडं."
साहेबांना फोन आला. मी गेलो.

उमदीच्या मल्लव्वा बिरादार
अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलल्या,
"दरसाली जितं असल्याचा दाखला मागताय.
जितं हाय म्हणून मीच का सांगत हिंडायचं?
मेले की गाव सांगंल की."
मी लिहिलं :
हयातीच्या दाखल्याची पद्धत सुलभ करावी.
त्यांनी विचारलं, "लिवलंस का, गाव सांगंल म्हणून?"
मी म्हटलं, लिहिलं.

रमजान मुजावर हसत आला.
"बँक म्हणती अंगठा लाव.
अंगठा कडबाकुट्टीत गेला,
म्हणून तर पेन्शन मागतोय!"
सगळी रांग हसली, मीही हसलो,
आणि लिहिलं : बायोमेट्रिकला पर्याय असावा.
वाक्य बरोबर होतं.
रमजान मात्र त्यात कुठंच नव्हता.

मग एक मुलगी, कुबडी भिंतीला टेकवून,
"माझी एकच सूचना. मला वैजयंता म्हणा.
पंचाहत्तर टक्के नको."
शिपायानं माईक बंद केला,
परत चालू केला, घसा खाकरला,
"वैजयंता... आडनाव काय म्हणालीस, बाळ?"

माझा डावा पाय दोन इंच आखूड आहे.
मिरजेच्या बोर्डानं अडतीस टक्के दिले.
कायदा चाळीसपासून सुरू होतो.
म्हणून मी टेबलाच्या या बाजूला,
जिना चढताना कठड्याला धरणारा,
आणि कुणी बघितलं की
कठडा पुसत असल्यासारखं करणारा.

चार वाजता बिळूरचा सिदराया आला.
कान नाहीत, वाचा नाही, असं फॉर्मवर.
सांगलीहून दुभाषी बाई यायच्या होत्या,
त्यांचं पत्र निघालं होतं, पोचलं नव्हतं.
तो उभा राहिला आणि हातांनी बोलू लागला.
घाई नाही. एकेक बोट नीट ठेवत,
बेदाणा निवडावा तसं.
माईककडं बोट केलं. मग काहीतरी उघडलं.
मग कमरेएवढी उंची दाखवली :
पोरगं असेल, शेळी असेल, खिडकी असेल.
मग एक गाठ, आणि ती सोडवायची राहिली तशीच.
मध्ये थांबून माझ्याकडं बघितलं.
मी मान हलवली.
हलवायला नको होती.
त्याला तेवढ्यात कळलं.
तरी त्यानं शेवटपर्यंत सांगितलं,
अपुरं ठेवायचं नाही म्हणून,
आणि सही करून गेला.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "किती झाल्या?"
"एक्केचाळीस."
"ती मुक्याची कशाला धरतोस? चाळीस कर,
आकडा गोल दिसतो."

चाळीसच्या अलीकडं काय असतं
ते मला माहीत आहे.
मी इतिवृत्तात लिहिलं :
सूचना क्रमांक एक्केचाळीस. सविस्तर दिली.
उपस्थितांपैकी कुणालाही समजली नाही.
साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

रात्री जेवून उठलो, हात धुतले,
आणि आरशासमोर ते उघडून बघितलं.
बायको दारातून म्हणाली, "हे काय चाललंय हातांचं?"
म्हटलं, दार आहे बहुतेक.
ती थोडा वेळ बघत राहिली.
"दार न्हवं," ती म्हणाली,
"दार असं आतल्या अंगाला उघडतंय व्हय?
परत कर बघू."